सरस्वतीचं माहेर

"आमची शाळा म्हणजे साक्षात सरस्वतीचं माहेर आहे!" हेडमास्तर जयवंत मास्तरांनी छाती पुढे काढून इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितलं, आणि त्याच क्षणाला मागच्या दाराने एक म्हैस आत आली.

तिचा काही दोष नव्हता. गोरेगावातल्या म्हशी आरे कॉलनीत हलवायच्या आणि रिकाम्या तबेल्यात शाळा भरवायची, हा निर्णय तिला विचारून झालेला नव्हता. अधूनमधून ती माहेरपणाला येई. सातवीच्या वर्गातली खिडकीखालची गव्हाण तिची. तिच्यात आता मुलं दप्तरं ठेवत.

"चल बिजली, चल," म्हणत चंद्रप्रकाश उठला. त्याचा बापच तिची धार काढी. तिच्या पाठीवर थाप मारून त्याने तिला बाहेर पोचवलं आणि जागेवर येऊन बसला. बाकी कोणी मान वर केली नाही. मास्तरांना बरं वाटलं. शिस्त शिस्त म्हणतात ती आणखी काय असते?

साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला. "मास्तर, तुमच्या सातवीचा गेल्या वर्षीचा निकाल मी पाहिला. म्हणजे, शोधला. फारसा सापडला नाही."

"यंदाची मुलं तयार आहेत, साहेब."

"आहेत कोण ही? गवळ्यांची, गिरणीवाल्यांची, स्टुडिओत खिळे ठोकणाऱ्यांची. कारकुनाचं एक पोर नाही. ती सगळी रेल्वे लाइनीपलीकडच्या शाळेत. दिवाळीनंतर हा वर्ग बंद करावा आणि यांनाही तिकडेच धाडावं, असं माझं मत झालंय."

मास्तरांनी वर्गावरून नजर फिरवली. तिकडे कोणी जाणार नव्हतं. तिकडे फी होती, बूट होते. वर्ग बंद झाला की चंद्रप्रकाश बापाबरोबर धारा काढायला, लवू गिरणीवाल्यांचे डबे पोचवायला, आणि शेवंती घरी, काखेत धाकटं भावंड.

"गणित विचारून पाहा, साहेब," ते म्हणाले. "तोंडी."

साहेबांनी पुस्तक उघडलं. "एका गवळ्याने बारा शेर दुधात चार शेर पाणी घातले. तर त्या मिश्रणाच्या एका शेरात पाणी किती?"

लवूने चंद्रप्रकाशकडे पाहिलं, चंद्रप्रकाशने जमिनीकडे. शेवंतीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने उत्तर दिलं असतं, पण ती छपराची कौलं बघत होती.

"शेवंती, तू सांग गं," मास्तर म्हणाले.

"येतं, गुरुजी. पण सांगणार नाही."

"का?"

"तुम्हीच सांगितलंय ना, वर्गात कोणाचा बाप काढायचा नाही म्हणून?"

"सायेब," लवू मागून म्हणाला, "चंदरच्या बापाशीन पाणी घातल्यान, ह्यां तुमका कोणी सांगल्यान?"

मास्तरांनी डोळे मिटले. जूनमध्ये बापांवरून रोज मारामाऱ्या होत. कोणाचा पितो, कोणाचा संपावर, कोणाचा दुधात पाणी घालतो. तेव्हा त्यांनीच तो कायदा केला होता. तेव्हापासून वर्गाने त्यांचं ऐकलेलं एवढं एकच, आणि तेही नेमकं आज.

साहेबांनी टाक उचलला.

"थांबा, साहेब." मास्तरांनी घसा खाकरला. "मुलांनो, दूध राहू द्या. एका हेडमास्तराने बारा दौती शाईत चार दौती पाणी घातले..."

प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळे हात वर. "दौतीत पाव दौत पाणी!" वर्ग असा ओरडला की कौलांवरच्या चिमण्या उडाल्या.

"पण आमच्यात अर्धा असता, गुर्जी!" लवूने दुरुस्ती केली.

वरून आलेली शाई दिवाळीपर्यंत पुरवायची तर दुसरा इलाज नव्हता. मास्तरांना लाज वाटायला हवी होती. त्यांनी टोपी सरळ केली. अब्रू गेली होती, पण गणित बरोबर होतं.

साहेबांचा चेहरा हलला नाही. "मग त्याच हेडमास्तराने आणखी चार दौती पाणी ओतले तर?"

"पाच भागांत दोन भाग पाणी," शेवंती म्हणाली.

साहेब विचारत गेले. त्या हेडमास्तराने व्याजाने पैसे काढले, गळका हौद बांधला, आंबे तोट्यात विकले, गावाला जायला तो उशिरा निघाला. वर्गाने त्याला एकदाही सोडलं नाही. सगळ्यात मोठ्याने चंद्रप्रकाश ओरडत होता. आणि हरेक उत्तराबरोबर जयवंत मास्तर जागच्या जागी थोडे उंच होत होते. ही त्यांची पोरं. बापाला राखणारी, आणि मास्तराला न राखणारी.

शेवटी साहेबांनी शेरेबुक ओढलं, टाक टेबलावरच्या दौतीत बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "सातवीचा वर्ग चालू ठेवावा."

मास्तर वाकून बघायला गेले. डोळे भरून आल्यामुळे अक्षरं दिसत नसावीत, असं त्यांना वाटलं. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. कागद तरीही कोराच.

साहेबही ते पान उजेडाकडे धरून बघत होते.

पहिल्या रांगेतून शेवंती उठली. "साहेब, जरा दोनदा गिरवाल का? आमच्या शाळेत एकदा लिहिलेलं दिसत नाही."