उलटे वेढे

गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून मासेमारीच्या खोट्या माश्या बांधायच्या, तर गळ घट्ट धरायला व्हाइस लागतो. बाबांचा व्हाइस फिरत नसे. माशीची खालची बाजू बघायला ते मान वाकडी करत आणि पुटपुटत, "एकदा फिरणारा घ्यायचाय." ते घेणं राहूनच गेलं, आणि बाबाही गेले.

त्यांच्याच हाताखाली शिकलेली लेक परवा दुकानात गेली. एक व्हाइस डुगडुगत होता, दुसऱ्याची किंमत ऐकूनच तिनं हात मागे घेतला. तिसरा खिशाला झेपणारा होता आणि नुसत्या बोटानं गरगर फिरत होता.

"डावखुऱ्यांनाही चालतो हा," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडे डावखुरे एकटे बाबाच होते," असं म्हणून तिनं तोच बांधून घेतला.

घरी येऊन तिनं तो बाबांच्या टेबलाला आवळला, त्यात गळ अडकवला, दोऱ्याचे पहिले दोन वेढे घेतले आणि बाकीचं उद्यावर ढकलून झोपून गेली.

सकाळी बघते तर माशी बांधून तयार. दोरा मात्र तिच्या दोन वेढ्यांच्या पुढे सगळा उलट्या बाजूनं गुंडाळलेला, डाव्या हातानं गुंडाळावा तसा. आईनं बांधली म्हणावं, तर आईला आताशा सुईतसुद्धा दोरा ओवता येत नाही.

आईनं चष्मा लावून माशी नीट पाहिली. मग टेबलाखाली सरकवून ठेवलेली बाबांची खुर्ची हळूच बाहेर ओढली.



"त्यांना आवडलेला दिसतोय. तू तुझ्यासाठी दुसरा बघ."