सैल नट

फिलोमिनाबाईंनी आधी आभाळ पाहिलं. ढगाचा ठिपकाही नव्हता. मग स्वयंपाकघरामागच्या भिंतीशी बसून त्यांनी पाना लावला, नट दोन फेरे सैल केला आणि गॅसच्या ऑफिसला फोन केला.

"सावेडीहून बोलतेय. हिरवी वायर पुन्हा सैल झालीय."

गॅसच्या पिवळ्या लवचिक पाइपला ती वायर क्लॅम्पने आवळलेली असे. वीज पडलीच तर करंटने पाइपला भोक न पाडता सरळ जमिनीत जावं, म्हणून. गॅसच्या ऑफिसातून येणाऱ्या आदिनाथनेच हे समजावलं होतं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई त्या दिवशी खुशाल विद्यार्थिनी झाल्या होत्या.

वर्षभरातली ही आठवी तक्रार. मुलगा नोहा कॅनडात. रविवारी फोन करायचा, तोही घाईत. आदिनाथ मात्र नट आवळला की हात धुऊन ओट्याशी पाट घ्यायचा. राजूरकडचा, आई नसलेला पोरगा. शेंगोळी पुढ्यात आली की म्हणायचा, "लई दिसांनी, बाई." जेमतेम दीड महिना झालेला असायचा.

दुसऱ्या खेपेला तर तो वर मीटरपाशी तासभर खुडबुडत होता. शेंगोळी शिजेपर्यंत वेळ काढतोय, असं वाटून बाईंना हसू आलं होतं.

आपल्या लबाडीची त्यांना लाज वाटायची. पण दिवस उलटले की घर खायला उठायचं आणि हात पान्याकडे जायचा.

दारात स्कूटर थांबली. बाईंनी शेंगोळीखालचा गॅस बारीक केला आणि केसांवरून हात फिरवला.

आत आली एक तरुणी. "मी रुपाली. आदिनाथ सरांची बदली झाली, नाशिकला. सोमवारीच गेले."

बाईंनी शेंगोळीखालचा गॅस बंद केला. निदान सांगून तरी जायचं होतं त्याने.

रुपालीने मागे जाऊन नट चाचपला. "बाई, हा आपोआप सैल झालेला न्हाई. पान्याचे ओरखडे हायेत. कुनीतरी मुद्दाम करतंय. मला लिहून द्यावं लागंल."

बाईंनी हळूच विचारलं, "आदिनाथला कळेल का?"

"त्यांनाच तर विचारनार. सात वेळा आले ते."

सात वेळा फसवून बोलावलं, हे त्याला कळणार. ती सात ताटंही मग त्याला खोटी वाटणार. बाईंचे डोळे भरून आले.

"थांबा," रुपाली म्हणाली. "ही वायर पुढं कुठं जातच न्हाई. नुसती भिंतीत खोचलीय."

ती स्टुलावर चढली. वर मीटरपाशी पाइपला दुसरा क्लॅम्प होता, घट्ट. त्यातून जाड तांब्याची तार थेट जमिनीत उतरली होती. क्लॅम्पला एक पत्र्याची पट्टी लटकत होती. रुपालीने ती वाचली, पुन्हा वाचली आणि काढून बाईंच्या हातात दिली.

बाईंनी चष्मा लावला. तारीख दुसऱ्या खेपेची होती. खाली आदिनाथचं गोल अक्षर:

'खरं अर्थिंग इथे आहे. खालचा क्लॅम्प काढू नये. बाईंना सैल करायला लागतो.'