ओढ्याकाठची भिंत

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भिंत पडली. आधी मधला भाग वाकला, मग दोन्ही टोकं बसली आणि ओढा गवंड्याच्या घरात शिरला.

गवंडी जिन्यावर उभा होता. त्याची नजर समोरच्या काठावर होती. तिकडे धाकट्या बहिणीचं घर. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू, दोघीच. ओढा ओलांडायचा साकव सहालाच वाहून गेला होता. बहिणीच्या दाराला चार पायऱ्या होत्या, त्यातल्या तीन बुडाल्या होत्या.

वरच्या टेकडीवर प्लॉट पाडायला लागल्यापासून ओढा गाळाने उथळ झाला होता. मागच्या वर्षी गवंड्याच्या स्वयंपाकघरात कमरेइतका गाळ साचला. तो काढून झाल्यावर त्याने काठावर भिंत घातली. तेव्हा बहीण म्हणाली होती, "दादा, पाणी काय तुझ्या भिंतीला हात जोडून मागे जाणार आहे? ते माझ्याकडे येईल." त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज उजाडल्यापासून भिंतीवर आपटलेलं पाणी तिच्या दाराकडे वळताना तो बघत होता. साडेसहाला तो पहार घेऊन खाली निघाला. बायको जिन्यात आडवी आली.

"भिंत पाडायला गेलात तर तिच्याबरोबर तुम्हीही जाल. थांबा जरा."

"थांबू? तिकडे माझी बहीण आहे."

"मला माहीत आहे कोण आहे ते."

नणंद-भावजयींमध्ये दोन वर्षं शब्द नव्हता. काय समजायचं ते गवंडी समजला. पण तिने वाट सोडली नाही. पुढची चाळीस मिनिटं त्याने दात आवळून काढली.

आता खाली पिठाचे डबे तरंगत होते. कपाट उताणं पडलं होतं. गुडघाभर पिवळा गाळ दारातून आत सरकत होता. पलीकडून हाक आली.

"दादा, उतरतंय रे! तिसरी पायरी दिसायला लागली."

गवंड्याचा जीव भांड्यात पडला. तो पायरीवर बसला आणि हसत सुटला.

"घराचा चिखल झाला आणि याला हसू फुटतंय," शेजारचा पोस्टमन गच्चीवरून म्हणाला.

हसू ओसरल्यावर गवंडी बायकोकडे न बघता बोलला. "लोकांकडे मी कडक मुरूम लागेपर्यंत खणतो. इथे घाई केली. गाळावरच पाया भरला. कुणाला सांगू नकोस, माझं नाव जाईल."

"ठाऊक आहे मला. पाया खणताना चहा घेऊन आले होते तेव्हा बघितलं. पहार लोण्यात जावी तशी जात होती."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

बायकोने पदर खोचला आणि फावडं उचललं.

"बोलले असते तर तुम्ही खोल खणलं असतं. आणि आज वन्संच्या घरात पाणी असतं."

आठ वाजता बहिणीच्या दाराच्या वरच्या दोन पायऱ्या पाण्याबाहेर होत्या. टेकडीवर पाऊस चालूच होता.