पाच बिबटे

"चुकलं असेल काहीतरी," वनरक्षक म्हणाला. "परत बघा, ताई."

प्रयोगशाळेतल्या ताईंनी तिसऱ्यांदा तोच कागद त्याच्यापुढे धरला. वर्षभर उन्हातान्हात कंबर मोडेपर्यंत वाकून त्याने बिबट्यांची विष्ठा गोळा केली होती, बावीस बाटल्या. तिच्यातल्या डीएनएवरून जनावरं किती आणि नर-मादी कोण, ते कळतं. निदान तीन निघाले तर जंगल राहणार, नाहीतर मधोमध रस्ता. आणि हा बाबा तर पाच धरून बसलेला! बाटल्यांवर नावंसुद्धा घातली होती.

"बावीसच्या बावीस एकाच मादीच्या आहेत, काका."

"अहो, असं कसं? लंगडी वेगळी. धाकटी वेगळी. आणि पैलवान? वीतभर पंजा त्याचा, मी स्वतः मोजलाय!"

"कुठे मोजलात?"

"ओढ्याच्या चिखलात."

बोलला आणि जीभ चावली. चिखलात पंजा पसरतो, लहान जनावरही मोठं वाटतं, हे वीस वर्षं तोच नवख्यांना ओरडून ओरडून शिकवत आला होता. आणि लंगडी? पैलवान आल्यापासून लंगडीचा माग दिसलाच नव्हता. पाय बरा झाला असणार. इतकं साधं, पण मन मानायला तयारच नव्हतं.

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, पाया पडतो तुमच्या. तीन लिहा. एक नर लिहा."

"लिहिते," ताई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "पण कागदावरच्या नरापासून तिला पिल्लं होतील का, काका?"

पैलवानाची बाटली उचलून त्याने तिच्यावरचं नाव नखाने खरवडायला घेतलं. चिठ्ठी निघेना.

"थंडीभर ओरडायची," तो म्हणाला. "आधी अलीकडच्या टेकडीवरून. मग तासाभराने पलीकडच्या. मी बायकोला उठवून सांगायचो, ऐक, जोडी जमली."

त्याने बाटली परत टेबलावर ठेवली.

"उत्तर येईना, म्हणून पलीकडे जाऊन हाका मारत होती हो ती."