एक सूर्य

जास्वंदीच्या कुंडीला पाणी घालता घालता लीहुआ सासूला गोष्ट सांगत होती. "आम्हा चिनी लोकांत म्हणतात, आई, या झाडावर दहा सूर्य बसायचे. एकदा दहाही एकदम उगवले. जग होरपळलं. मग एका तिरंदाजानं नऊ पाडले, एक ठेवला."

"एक ठेवावाच लागतो," सुनेच्या गालावरचे वळ बघत इंदुताई पुटपुटल्या. त्यांना मुलगा एकच. तीन वर्षं त्या गप्प होत्या.

"माझा शर्ट कुठाय?" जयवंत आतून गरजतच आला. बायकोच्या झिंज्या धरून त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

इंदुताईंनी कुंडी उचलली आणि मुलाच्या टाळक्यात घातली. माती, रक्त आणि पाकळ्यांत तो कोसळला.

"आई! एकुलता एक आहे ना तो!" लीहुआ किंचाळली.

"एकानंही घर जळतं गं."