कानबाईचा रोट

शाळेच्या व्हरांड्यात तोताराम भोई ओल्या लुंगीतच बसला होता आणि पायरीशी बांधलेल्या आपल्या नावेकडे बघत होता. नाव कसली, आता नुसतं सरपण! आज दिवस उगवता पांझरा नदीच्या पुरात ती विजेच्या खांबावर आपटली आणि मधोमध उकलली. तोताराम धरणावर मासे धरून पोट भरणारा माणूस. नाव गेली म्हणजे त्याचे हातच गेले.

अन् ती फुटली कुणापायी? सुंदरबाईपायी. हे सुंदरबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. काल संध्याकाळी भोंगा फिरला, घरं सोडा, शाळेत चला. सारं गाव निघालं. सुंदरबाईच्या घरात मात्र यंदा साऱ्या भाऊबंदांची कानबाई देवी बसलेली, आणि बसलेल्या देवीला सकाळी नदीवर विसर्जनाला नेईपर्यंत पाटावरून हलवत नाहीत. बाई हटून बसली. तिच्यापायी लेक ललित थांबला, सून मेघा थांबली. देवीनं नदीवर जायचं, तर नदीच देवीकडे आली! उजाडलं तेव्हा तिघंही घराच्या छतावर, धाब्यावर, आणि सुंदरबाईच्या पदरात कानबाई म्हणून पुजलेला नारळ अन् नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, रोटांचा डबा.

त्या पाण्यात यायला कुणी धजलं नाही. आला तो एकटा तोताराम. परतताना नाव फुटली, तर गड्यानं दोर खांद्याला गुंडाळून पोहत पोहत तिघांसकट तिला शाळेच्या चढाला लावलं.

आता पाणी उतरत होतं. वर्गात भाऊबंद पंगतीला बसले होते, कारण पूर येवो नाहीतर आग लागो, कानबाईचे रोट संपवावेच लागतात. खाता खाता नावेचं नुकसान कोण भरणार, हा विषय निघाला.

“सरकार भरी,” ललित म्हणाला.

“सरकारनी भोंगा फिरावा व्हता ना?” गिरधर नाना कडाडले. नाना म्हणजे सुंदरबाईचे थोरले दीर. भाऊबंदांत शेवटचा शब्द त्यांचा. “आमी आयकं, आमी निंघनूत. ज्यानी आयकं नही, तोच भरी. भाऊबंदनी कसाले भरानं?”

नानांचं काही खोटं नव्हतं. सुंदरबाईला रागही आला नाही, लाजच वाटली. होतं नव्हतं ते पुरानं धुऊन नेलेलं. भरते म्हणायला तोंड होतं, द्यायला हात नव्हता. पण मन कसं काठोकाठ भरून आलं होतं. बाहेर बसलेल्या त्या माणसानं सकाळपासून एक शब्द काढला नव्हता. मेघाला दंडाला धरून नावेत ओढलं, तेव्हासुद्धा ‘का थांबला होता’ असं विचारलं नाही. असा माणूस ऐन वेळी आपल्या दारी धाडलास, आई कानबाई, तुझे अन् त्याचे उपकार कुठं फेडू?

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, डब्यातला रोट घेतला, वर गुळाचा खडा ठेवला आणि तडक व्हरांड्यात गेली. पंगतीतल्या माना दाराकडे वळल्या. कानबाईचा रोट भाऊबंदांतच खायचा, कुळाबाहेर जाऊ द्यायचा नाही. सासरी गेलेल्या पोटच्या लेकीलाही तो देत नाहीत, मग परक्याला कुठला!

“खाय भाऊ.”

तोतारामला रीत ठाऊक होती. त्यानं हात मागे घेतला. “अक्का, हाऊ माले चालत नही. हाऊ तुमना भाऊबंदना शे.”

“आज पानीमा उना तवय तू इचारं व्हतं का, हाई घर कोनं शे? खाय मुकाट्यानं.”

भूक तर सपाटून लागलेली. तोतारामनं रोट कपाळाला लावला आणि घास मोडला. तो गिळतोय तोवर नाना ताट सोडून दारात आले.

“अवं, काय करं तू हाई! रोट खाधा म्हंजे हाऊ भाऊबंदमा उना!”

लग्न होऊन आल्यापासून सुंदरबाई थोरल्या दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती. आज बोलली.

“उना ना? मंग नाना, भाऊबंदनीच नाव फुटनी. आते सांगा, कोन भरी?”

आत मेघाला हसू आवरेना. नानांनी तोतारामकडे पाहिलं. त्याचा हात रोटासकट तसाच अडकला होता. खावं की ठेवावं, त्याला कळेना. नानांनी मग त्या उकललेल्या नावेकडे पाहिलं आणि आत वळले.

पंगतीत आपल्या जागी जाऊन ते बसले. मांडी आवरून घेतली, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि दाराकडे तोंड करून तोतारामला आत बोलावत ओरडले, “मझार ये रे! भाऊबंद बाहेर बशीसन जेवस का?”