पाच वाजून दोन मिनिटं

"कधी जादा वेळ थांबायची पाळी आली, तर थांबाल?"

घारीला हसूच आलं. मुलाखतीत दात काढू नकोस, असं नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं, म्हणून तिने ते ओठांत दाबलं. पण गणवेशांच्या कारखान्यात सहा वर्षं शिलाई तपासणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमालच होती.

"थांबते की साहेब. रोजच थांबते."

टेबलापलीकडे दोघं बसली होती. एक मुख्य कचेरीतून आलेले नवे साहेब आणि दुसरी मावशी. मावशी ही तपासणी विभागाची प्रमुख. कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण अख्खा कारखाना तिला तसंच म्हणायचा. पुढच्या महिन्यात ती बढती मिळून वरच्या मजल्यावर जाणार होती आणि तिची खुर्ची रिकामी होणार होती. घारीला ती खुर्ची हवी होती. उसवलेला एक टाकाही हिच्या नजरेतून सुटत नाही म्हणून 'घार' हे नावही मावशीनेच ठेवलेलं. त्यामुळे मुलाखत ही नुसती नावाला, असं धरूनच घार अंगावरचे दोरे झटकून आत आली होती.

साहेबांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. हजेरीच्या यंत्रातून छापून काढलेला होता.

"मग हे काय? पाच वाजून दोन मिनिटं. पाच दोन. पाच एक. पुन्हा पाच दोन. तीन वर्षांचं काढलंय मी. एक दिवससुद्धा तुम्ही सव्वापाचपर्यंत थांबलेल्या नाहीत."

घार निर्धास्त होती. याचं उत्तर साहेबांच्या शेजारच्याच खुर्चीत बसलं होतं.

"ते कार्डाचं आहे साहेब. पाचला कार्ड लावायचं आणि परत टेबलाशी येऊन बसायचं, ही आमच्या विभागाची पद्धतच आहे. म्हणजे काम वेळेत उरकलं असं दिसतं. निघायला मला साडेसात-आठ होतात. विचारा ना मावशींना."

साहेब वळले. मावशी चष्म्याची काच पुसत होती. चांगली लख्ख होईपर्यंत तिने ती पुसली, मग चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पाचनंतर कुणी गप्पा छाटत बसत असेल, तर मला कल्पना नाही साहेब. माझ्या विभागात काम वेळेतच संपतं. जिन्याजवळच्या फलकावर माझा फोटो लागलाय, तो त्याचसाठी."

ही आता पुढे काहीतरी बोलेल, म्हणून घार तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशी समोरचे कागद सारखे करायला लागली.

"मावशी, अहो, शाळेचे ते सदरे आले होते, सगळ्यांचे खिसे उलटे लागलेले. दोन हजार सदरे पुन्हा तपासले आपण. साडेआठला तुम्ही स्वतः मला चहा आणून दिलात. खांद्यावर हात ठेवून म्हणालात, वेळ आली की मी तुझ्या बाजूने उभी राहीन."

"चहा मी सगळ्यांनाच देते गं," मावशी गोड हसून म्हणाली.

घरी तिच्या लेकीने दारात बसून वाट बघणंही कधीच सोडून दिलं होतं. सहा वर्षांत एकदा, फक्त एकदा जरी पाचला कार्ड लावायला विसरून तिने ते निघताना लावलं असतं, तरी आज दाखवायला काहीतरी हाताशी असतं. पण सांगितलेलं काम विसरणाऱ्यांतली ती नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि दुसऱ्यांचे टाके तपासता तपासता हे काही तिला दिसलं नव्हतं.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी कागदाची घडी हळूच घातली.

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही बाई. पण पाचच्या ठोक्याला उठणाऱ्या माणसाला प्रमुख कसं करणार? मला कागद बघूनच चालावं लागतं. आणि मावशींवर असा आळ घेणं बरं नाही."

ती उठली. "येते," म्हणाली आणि बाहेर आली.

तेवढ्यात पाचची घंटा झाली. बाया नेहमीसारख्या हजेरीच्या यंत्रापुढे रांगेत उभ्या राहिल्या. घारही रांगेत लागली. पाठोपाठ मावशी आली आणि तिच्या कानाशी लागली.

"रागावू नकोस गं. तिथे मला तसं बोलणं भागच होतं. फोटो उतरवला असता त्यांनी, बढतीही गेली असती. तुझं मी बघते नंतर. आधी ते दवाखान्याचे डगले आलेत ना, तीनशेच आहेत, सकाळी जायचेत. तुझ्याशिवाय कुणाला जमणार? कार्ड लावून ये पटकन."

घारीने कार्ड लावलं. यंत्र चिरचिरलं. पाच वाजून दोन मिनिटं.

ती टेबलापर्यंत गेली, खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली, कात्री खणात ठेवली आणि दाराकडे वळली.

"अगं, निघालीस कुठे?" मावशीचा आवाज चढला.

"घरी," घार म्हणाली. "मी रोज याच वेळेला जाते मावशी. साहेबांच्या कागदात आहे."

आणि ती गेली. रांगेतल्या बाया आपापलं कार्ड हातात धरून दाराकडे बघत होत्या. कार्ड लावून झालेल्या दोघी-तिघी तिथेच उभ्या होत्या. टेबलाकडे कुणीच वळत नव्हतं.